‘कोण कुठला तो मुलगा, रोज एवढं काय बोलते त्याच्याशी?’

बारावीच्या वर्षात हा प्रश्न घेऊन पालक माझ्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा फोन बहुतेक वेळा आधीच जप्त झालेला असतो. इथली आईही फोन पर्समध्ये घालूनच आली होती. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मुलगी सतरा वर्षांची, बारावी सायन्सला, नीटची तयारी करणारी. सकाळी साडेसहाचा क्लास, मग कॉलेज, संध्याकाळी सराव प्रश्नपत्रिका. दिवाळीनंतर चाचणीतले गुण ७२० पैकी ४८० वरून ४१० वर आले. त्याच आठवड्यात आई रात्री पाणी प्यायला उठली आणि तिला पांघरुणाखाली उजेड दिसला. टेलिग्रामवर अमरावतीकडच्या एका मुलाशी सहा महिन्यांच्या गप्पा होत्या. नीटच्या अभ्यासगटात ओळख झालेली. तोही पुन्हा परीक्षेला बसणारा, वय अठरा.

“मॅडम, वाईट असं काही नाही त्यात, खोटं कशाला बोलू? पण ‘जेवली काय बे’ म्हणतो तो तिला. एवढी सलगी? कोण कुठला तो मुलगा, रोज एवढं काय बोलते त्याच्याशी?”

‘बे’चा उलगडा आधी केला, कारण आईचा अर्धा राग त्या एका अक्षरावर होता. विदर्भात मित्रामित्रांत, भावंडांत हा शब्द सहज येतो. सातारकर कानाला तो उर्मट लागतो. दुसऱ्याच्या सहा महिन्यांच्या गप्पा मध्यरात्री दहा मिनिटांत चाळल्या की असं होतंच. सूर ऐकू येत नाही, मागचापुढचा संदर्भ नसतो, आणि भीती मोकळ्या जागा भरत जाते.

पहिली वीस मिनिटं दोघी एकत्र, नंतर चाळीस मिनिटं मुलगी एकटी. एकटीशी बोलण्याआधी आईच्या समोरच मर्यादा सांगितली: ती बोलेल ते इथेच राहील, तिच्या किंवा कुणाच्या जिवाला धोका असेल तर मात्र सांगावं लागेल. अठराखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्यानुसार कळवणं बंधनकारक आहे, हेही सांगितलं. या गोष्टी आधी सांगाव्या लागतात. मुलीने विश्वासाने काही बोलल्यावर नियम काढला तर तिला फसवल्यासारखं वाटतं आणि पुढचं दार बंद होतं.

एकटी असताना तिने पहिलं वाक्य काढलं ते असं: “त्याला माझे मार्क माहीत आहेत, पण तो माझा नंबर काढत नाही.” क्लासमधल्या मैत्रिणी दर रविवारी यादीत वरखाली होतात, कुणाला काय अडलं हे कुणी उघड सांगत नाही. अमरावतीच्या मुलाला सांगता येतं. तो तिला भौतिकशास्त्रातलं परिवलन समजावतो, ती त्याला जीवशास्त्राच्या आकृत्या काढून पाठवते. ती पेन्सिलने चित्रंही काढते. ती फक्त त्यानेच पाहिली होती.

फोन कपाटात गेल्यावर पुढे काय झालं, तेही तिने सांगितलं. दुसऱ्याच दिवशी तिने क्लासमधल्या मैत्रिणीच्या फोनवर आपलं खातं उघडलं, ‘घरी कळलंय’ एवढं लिहिलं आणि घाईत खातं तसंच उघडं ठेवून ती घरी आली. म्हणजे चार दिवस तिच्या गप्पा, तिची चित्रं आणि तिच्या नावाने लिहिण्याची सोय, हे सगळं दुसऱ्याच्या घरात, मैत्रिणीचा भाऊही वापरतो अशा फोनवर पडून होतं. आईच्या डोळ्यांसमोर होतं त्यापेक्षा हे कितीतरी धोक्याचं. फोन काढून घेतला की गप्पा थांबतातच असं नाही. त्या उसन्या फोनवर जातात, आणि तिथे काही बिनसलं तर मूल घरी सांगू शकत नाही, कारण मुळात बोललोच कसं हा प्रश्न आधी येतो.

म्हणून पहिलं काम तिथेच, खुर्चीत बसल्या बसल्या केलं. आईने फोन दिला. टेलिग्रामच्या सेटिंगमध्ये ‘डिव्हायसेस’ उघडलं की खातं कुठे कुठे चालू आहे ते दिसतं; आपला फोन सोडून बाकी सगळी सत्रं तिथूनच बंद करता येतात. व्हॉट्सॲपमध्ये हेच ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये पाहायचं. दोन मिनिटांचं काम आहे, पण बहुतेक घरांत ते कुणी केलेलं नसतं.

मग मोजणी. गप्पा कुणाला दाखवायच्या नाहीत, तिने स्वतःच वाचायच्या आणि वहीत चार रकाने करायचे: वेळ, सुरुवात कुणी केली, विषय काय, फोन ठेवल्यावर कसं वाटलं. फोन जप्त होण्याआधीचे पूर्ण सात दिवस घेतले. निम्म्याच्या जवळपास संदेश अभ्यासाचे निघाले. बाकी चित्रं, मेसचं जेवण, एसटीची गर्दी, घरातली कुरबुर. चार रात्री सुरुवात त्याने केलेली, तीन रात्री तिने. दिवसाची सरासरी पन्नास मिनिटांच्या आसपास, म्हणजे एकूण वेळ फार नव्हता. पण दोन तृतीयांश संदेश रात्री अकरानंतरचे होते. झोप पावणेएकला, उठणं साडेपाचला: पावणेपाच तास. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. दिवसभर पाठ केलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेत होतं. गुण का घसरले ते त्या रकान्यात लिहिलेलं होतं, आणि आकडे तिच्याच हातचे असल्याने वाद घालावा लागला नाही.

रात्रीच का लांबतं, याचं कारणही वहीतच सापडलं. ‘शुभ रात्री’नंतर रोज सरासरी पंधरा-वीस संदेश होते. शेवटचा संदेश आपला राहावा, समोरच्याला तुटक वाटू नये, म्हणून दोघंही थांबत नाहीत. प्रत्यक्ष भेटीत कुणीतरी उठतं, चप्पल घालतं, फाटकाशी दोन वाक्यं होतात आणि भेट संपते. चॅटला फाटक नाही. तो शेवट आधीच ठरवून घ्यावा लागतो.

आईचा खरा प्रश्न मात्र अजून उभाच होता: मुलगा कसा आहे, हे कसं ओळखायचं?

गोड बोलणं, अभ्यासात मदत, रोजची विचारपूस यांवरून काहीच ठरत नाही; फसवणाराही हेच करतो, महिनोन्‌महिने करतो. प्रोफाइलचा फोटो गूगल लेन्समध्ये टाकून पाहावा, पण तो कुठे सापडला नाही म्हणजे माणूस खरा असंही नाही. माझ्या मते सगळ्यांत खात्रीची खूण एकच: छोटासा नकार द्यायचा आणि पुढे काय होतं ते पाहायचं. वेळेचा नकार, फोटोचा नकार, लगेच उत्तर देण्याचा नकार. खरा मित्र खट्टू होतो, एखादा दिवस फुगून बसतो, मग वळणावर येतो. ज्याला मैत्रीच्या आडून काही काढून घ्यायचंय तो नकाराभोवती फिरत राहतो: ‘एवढाही विश्वास नाही?’, ‘फक्त एकदा’, ‘मी तुझ्यासाठी एवढं केलं’, ‘घरच्यांना कळू देऊ नको’, ‘इथे नको, दुसऱ्या ॲपवर ये, तिथे मेसेज आपोआप पुसले जातात’.

तिने नकाराचा मसुदा तिथेच लिहिला. पहिला असा होता: ‘आईने बंदी घातली आहे. आता आपण बोलू शकत नाही. मला विसरून जा.’ तो बाजूला ठेवला. त्यात खरं काय ते नव्हतं, आणि आईला खलनायक केलं की दोघांमध्ये एक गुपित तयार होतं. दुसरा मसुदा पाठवला:

‘मी रात्री दहानंतर फोन बाहेरच्या खोलीत ठेवणार आहे. झोप होत नाहीये. संध्याकाळी सात ते साडेसात असेन. गणितं फोटो काढून टाकून ठेव, मी वेळ मिळेल तसं बघेन. उत्तर उशिरा आलं तर रागावलेय असं समजू नकोस.’

कारण खरं, वेळ नेमकी, आणि माफी कुठेच नाही. पहिल्या रात्री त्याचे चौदा संदेश आले, त्यातले दोन बरेच रुसलेले. दुसऱ्या दिवशी तो गप्प. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला लिहिलं, ‘हाव, माझंही फिजिक्स राहूनच जात होतं.’ मुलीने हे पुढच्या भेटीत वाचून दाखवलं तेव्हा आई पहिल्यांदा खुर्चीत टेकून बसली.

याच्या उलट घडलं असतं तर? नकारावर कुणी ‘मी जिवाचं काही करून घेईन’ म्हणालं, तर ते ओझं सतरा वर्षांच्या मुलीने एकटीने वाहायचं नाही. त्याच तासाला घरातल्या मोठ्या माणसाला सांगायचं आणि त्या मुलाला १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक द्यायचा. त्याच्या घरच्यांपैकी कुणाचा संपर्क असेल तर मोठ्यांनी तिथेही कळवायचं.

दुसऱ्या भेटीत अर्धा तास आवराआवरीत गेला. सहा महिन्यांत आपण काय काय पाठवलं, याची यादी तिने केली. दोन गोष्टींवर ती स्वतःच थबकली. एक, जुन्या परीक्षेच्या हॉल तिकिटाचा फोटो, ‘बघ माझा फोटो कसा आलाय’ म्हणून गमतीत पाठवलेला. त्यावर पूर्ण नाव, फोटो, सही, केंद्र, सगळं एका कागदावर असतं. दुसरी तिची चित्रं. रेषा फिक्या पडू नयेत म्हणून ती ‘फाइल’ म्हणून पाठवायची. व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर साधा फोटो पाठवला तर त्यातली ठिकाणाची माहिती गळून जाते. फाइल म्हणून मूळ फोटो पाठवला की कॅमेऱ्याने नोंदवलेलं ठिकाणही सोबत जातं. कॅमेऱ्यातला लोकेशन टॅग चालू होता, म्हणजे प्रत्येक चित्रामागे घराचा पत्ता. टॅग बंद केला. जुन्या फाइल टेलिग्राममध्ये दोन्हीकडून पुसता येतात, त्या पुसल्या. समोरच्याने आधी उतरवून घेतल्या असतील तर त्यावर मात्र इलाज नाही, हेही तिला सांगितलं. टेलिग्रामवर फोन नंबर ‘कुणालाच दिसू नये’ असा केला, आणि गटात आपल्याला कोण जोडू शकेल तिथे ‘माझे संपर्क’ निवडलं. क्लासची वेळ, बसचा थांबा, गणवेशातला फोटो, लाइव्ह लोकेशन यांचं उत्तर यापुढे ‘नाही’. पैशांचंही तेच. रिचार्जसाठी दोनशे रुपये मागणं हीच पुष्कळदा सुरुवात असते. आणि पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की पैसे आपल्या खात्यातून जाणार.

आईला वेगळी तयारी दिली. हिच्या बाबतीत ती लागली नाही, पण प्रत्येक घरात माहीत असावी. कुणी फोटोवरून धमकावू लागलं तर पैसे द्यायचे नाहीत आणि चिडून चॅट पुसायचं नाही. टेलिग्रामवर समोरचा माणूस दोन्हीकडचे संदेश पुसू शकतो, म्हणून आधी स्क्रीनशॉट: धमकी, त्याचं वापरकर्तानाव, तारीख, वेळ. मगच ब्लॉक. तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर किंवा जवळच्या ठाण्यात. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, कारण पैसे पुढे वळते होण्याआधी अडवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. मुलांसाठी १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहेच. अठराखालच्यांचे नग्न फोटो पसरू नयेत म्हणून ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. तिथे फोटो द्यावा लागत नाही, फोनवरच त्याचा आकड्यांचा ठसा तयार होतो. एक चूक मात्र घाबरलेल्या घरांत हमखास होते: तोच फोटो ‘पुरावा’ म्हणून मामाला, काकांना पाठवला जातो. असा फोटो पुढे पाठवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-ब खाली गुन्हा आहे, आणि मुलीला त्याची लाज जन्मभर पुरते.

तिसऱ्या भेटीत आईने विचारलं, “मी त्याच्याशी एकदा बोलू का?” बोला, पण चौकशी अधिकाऱ्यासारखं नको. रविवारी दुपारी, मुलगी शेजारी असताना, व्हिडिओ कॉलवर दोन मिनिटं: नाव, गाव, अभ्यास कसा चाललाय, घरी कोण असतं. अठरा वर्षांचा मुलगा लाजेल, पहिल्यांदा टाळेलही, त्याचा अर्थ लावू नये. दर वेळी कॅमेरा बिघडलेला, दर वेळी नेट नाही, असं तीन-चारदा झालं तर मात्र लावावा. कॉल झाला. मागे त्याची आजी आली आणि तिनेच “काय जी, जेवण झालं काय?” म्हणून साताऱ्याच्या आईशी बोलणं सुरू केलं. दोन मिनिटांची वीस झाली.

भेटायचं म्हणाला तर काय, हा प्रश्न निघाला तेव्हा मुलगीच म्हणाली, नीटची परीक्षा होईपर्यंत नाही. नंतर कधी ठरलंच तर दिवसा, गर्दीच्या ठिकाणी, आई किंवा बाबा सोबत, जाणंयेणं आपलं आपण, हे चौघांना माहीत असेल. कागदावर लिहून तिने तो कागद अभ्यासाच्या टेबलाला चिकटवला.

जानेवारीच्या चाचणीत गुण ४६० झाले. पूर्ण सावरले नाहीत. झोप सात तासांवर आली आहे, आठवर नाही. शेवटच्या भेटीला मुलगी चित्रांची वही घेऊन आली होती. त्यात आई दारात सूप घेऊन बसलेली, भुईमुगाच्या शेंगा फोडत; चेहरा नाही, नुसते हात. चित्राखाली सप्टेंबरची तारीख होती. आईने ते पान बराच वेळ धरून ठेवलं आणि विचारलं, “हे त्याला पाठवलं होतंस?”

“हो. तो म्हणाला, आधी आईला दाखव.”