राउटर (लाकडाच्या कडेला आकार देणारं विजेचं यंत्र) नसेल तर टेबलाच्या फळीची कड हाताने गोल किंवा नक्षीदार कशी करायची?

तुमच्याकडे एक साधा रंधा, एक पटाशी आणि दोन कानशी आहेत. २५ मिमी जाडीच्या फळीला गोलाई द्यायला गेलात तर कड वरखाली झाली आणि कोपऱ्याचा ढलपाच उडाला, असं तुम्ही लिहिलंय. दोन्हींवर इलाज आहे आणि त्यासाठी विकत काहीही घ्यावं लागणार नाही.

कड वरखाली होते, कारण आपण पहिल्या हातापासूनच (एकदा रंधा ओढला की एक हात) रंधा गोल फिरवायला लागतो. रंध्याचा तळ सपाट आहे, तो सपाट पट्टाच काढणार. मग त्याला तेच करू द्या. गोलाईतली चूक डोळ्याला चटकन कळत नाही, पण पट्टा एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद झाला की लगेच दिसतं. हाताच्या कामात याच्याइतकं भरवशाचं माप मला दुसरं सापडलेलं नाही.

समजा १० मिमी त्रिज्येची गोलाई हवी आहे. फळीचा माथा आणि कड जिथे मिळतात त्या कोरेपासून दोन्ही अंगांवर १० मिमीवर एकेक रेघ मारा. ही गोलाईची हद्द, तिच्यापलीकडे रंधा जाऊ द्यायचा नाही. आत ५.५ मिमीवर दुसरी रेघ. ४५ अंशांतला पट्टा गोलाईला टेकतो तेव्हा कोरेपासूनचं अंतर त्रिज्येच्या ०.५९ पट, म्हणजे इथे ५.९ मिमी असतं. थोडं लाकूड राखून ठेवायचं म्हणून मी ५.५ धरतो. रेघा पेन्सिलीनेच मारा. सुईने ओरखडलेली रेघ पॉलिश चढल्यावर पुन्हा वर दिसते.

आता रंधा ४५ अंशांत धरून आतल्या दोन रेघांपर्यंत या. लांब बाजूंवर दर वेळी या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग हात, मधेच उचलायचा नाही. पट्टा तयार झाला की एका कोरेच्या दोन कोरी होतात. त्या दोन्ही तशाच मारा, आणि हात मोजा: एकीवर सहा तर दुसरीवरही सहा. पुढच्या फेरीत रंध्याचं पातं अगदी थोडंच बाहेर ठेवा. तोवर कोरी बोटालाच लागतात, डोळ्याला फारशा दिसत नाहीत. शेवटी पॉलिश पेपर. तो नुसत्या बोटांनी न धरता गोलाईच्या उलट आकाराच्या लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून चालवा.

कोपऱ्याचा ढलपा उडतो तो क्रम चुकल्यामुळे. फळीच्या ज्या दोन टोकांना लाकडाचे रेषे (तंतू) आडवे कापलेले असतात, ती आधी करायची. तिथे रंधा पलीकडच्या कोपऱ्यावरून बाहेर पडताना रेषे फाडतोच, पण नंतर लांब बाजू करताना तो फाटलेला भाग बहुतेक निघून जातो. मी एकदा घाईत लांब बाजू आधी केल्या आणि शेवटच्या टोकाला बोटाएवढा तुकडा गेला. तो जपून ठेवला होता म्हणून परत चिकटवता आला, पण जोड आजही दिसतो. म्हणून टोकाला रंधा तिरका धरा आणि दोन्ही कोपऱ्यांकडून मधल्या दिशेने मारा. लांब बाजूला रेषे उचकटायला लागले तर जोर लावू नका, दिशा बदला.

कडेवर नुसत्या गोलाईऐवजी बारीक गोल पट्टी आणि तिच्याशेजारी खाच हवी असेल तर एक हत्यार घरीच होतं. जुन्या हातकरवतीच्या पात्याचा तुकडा घ्या. ते पोलाद कानस घेतं, म्हणजे कानशीने घासलं जातं. हॅक्सॉचं पातं बहुधा घेत नाही. गोल कानशीने त्यात अर्धगोल खाच करा, पण तिची कड पटाशीसारखी उतरती नको, पात्याला काटकोनातच हवी. दोन्ही अंगं दगडावर घासून चकचकीत करा. मग ‘एल’ आकाराच्या लाकडाला करवतीने चीर पाडून पातं त्यात स्क्रूने आवळा. लाकडाची आतली बाजू फळीच्या कडेला टेकून चालते, म्हणून नक्षी सरळ येते.

हे हत्यार कापत नाही, खरवडतं. ते जायच्या दिशेने किंचित झुकवा, दाब हलका ठेवा. सुरुवात पलीकडच्या टोकाकडून चार-चार बोटांच्या हातांनी करून मागे मागे या, मग सलग ओढा. पहिले काही हात नुसती भुकटी निघते, तेव्हा वाटतं काहीच होत नाहीये. थांबू नका. मग केसासारखे छिलके यायला लागतात, आणि पात्यातली खाच पूर्ण भरली की पातं आपोआप कापायचं थांबतं. शिसवीसारख्या घट्ट लाकडात आकार काचेसारखा येतो. सागवानात धार लवकर जाते, मधूनमधून पातं दगडावर घासावं लागतं. मऊ पाइनमध्ये रेषे पिंजतात, आणि आडव्या टोकांवरही काम खरबरीतच येतं. तिथे मी ही नक्षी करत नाही, साधा तिरपा पट्टा ठेवतो.

त्याच लाकडाच्या हातभर तुकड्यावर आधी हे सगळं करून बघा. तपासताना वरचा दिवा बंद करा आणि एकच दिवा फळीच्या पातळीत, बाजूला ठेवा. जिथे सावलीची रेघ जाड-बारीक होते, तिथे पेन्सिलीने खूण करून फक्त तेवढंच मारा.