मराठीत लिहू की इंग्रजीत, असं विचारलंस म्हणून

अगं,

तुझा मेल दोनदा वाचला, कथा तीनदा वाचली, आणि उत्तराला आठवडा लागला कारण घाईत काहीतरी गोडगोड लिहून पाठवायचं नव्हतं. तू विचारलंयस की मावशी, मराठीत लिहू की इंग्रजीत, आणि मी नक्की कुठली हे आधी ठरवायला हवं का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, ते ठरायची वाट बघत बसू नकोस. मी 1994 साली इथे अमेरिकेत आले, माझं अजून ठरलेलं नाही, लिखाण मात्र होत राहिलं.

भाषेचं जरा सविस्तर सांगते. न्यू जर्सीत एडिसनला एका मैत्रिणीकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, बाहेर घोटाभर बर्फ, दाराशी बुटांचा ढीग. एक काकू सुनेला सोडायला आल्या होत्या, वर्षभरापूर्वी त्यांचे मिस्टर गेलेले, कोट न काढता त्या बुटांपाशीच उभ्या, "मी आपली इथेच बरी" म्हणत. मैत्रिणीची दहा वर्षांची मुलगी, इथेच जन्मलेली, करंडा घेऊन सगळ्यांना कुंकू लावत फिरत होती, ती सरळ गेली आणि काकूंनाही लावलं. सगळं घर एकदम गप्प. काकूंचा हात कपाळापर्यंत गेला आणि तसाच खाली आला, पुसलं नाही त्यांनी. मग वाकून बुटाची चेन काढायला लागल्या, ती भिजून अडकलेली, आणि कितीतरी वेळ निघेचना.

हे मी दोन्ही भाषांत लिहिलं. इंग्रजीतल्या संपादकांनी सांगितलं की हळदीकुंकू म्हणजे काय, विधवेला का बोलवत नाहीत, हे सुरुवातीलाच नीट समजावून दे, जागा कमी होती म्हणून बुटाची चेन कापली. मराठी दिवाळी अंकाला हवं होतं की शेवटी परदेशातही आपली मुलं कसे संस्कार जपतात ते येऊ दे, तिथेही चेनच कापली गेली. आणि मी दोन्हीकडे हो म्हणाले गं, नाव छापून येणार याचाच आनंद होता. इंग्रजी वाचकांनी कळवलं की तुमच्या संस्कृतीबद्दल खूप शिकायला मिळालं, मराठी वाचकांनी कळवलं की ऊर भरून आला, आणि काकूंबद्दल एकानेही काही लिहिलं नाही. मला त्याचं अजून वाईट वाटतं. म्हणून सांगते, दोन्हीकडच्या लोकांकडे तुझ्यासाठी एक चित्र आधीच तयार असतं, आणि त्यात न बसणारा जो तुकडा तुझ्याकडे असेल तोच धरून ठेव, संपादकाने बाकी काहीही कापू दे.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला फार जवळचं आहे. 1886 मध्ये त्या फिलाडेल्फियाला आल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी. (आनंदीबाई आधी राहिल्या ते रोझेल आपल्या एडिसनपासून गाडीने अर्ध्या तासावर आहे, एकदा जाऊन ये.) 1887 मध्ये रमाबाईंनी अमेरिकन वाचकांसाठी इंग्रजीत पुस्तक लिहिलं, आपल्याकडच्या उच्चजातीय हिंदू बायकांची स्थिती कशी आहे त्यावर, आणि परत गेल्यावर 1889 मध्ये मराठीत लिहिलं ते अमेरिकेवर, यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त. बाई तीच, पण एकाचं भाषांतर करून दुसरं नाही केलं. ज्याला जे माहीत नाही ते त्याला सांगितलं. अमेरिकेचं कौतुक भरपूर, तरी तिथे काळ्या लोकांना कसं वागवतात तेही मराठी वाचकापासून लपवलं नाही. तेव्हा आधी भाषा ठरवूच नकोस, हे मी कोणाला सांगतेय ते ठरव, भाषा आपोआप ठरते.

आता व्यवहाराचं. तू एच-फोरवर आहेस, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर. 2015 पासून काही एच-फोरवाल्यांना कामाचं परमिट मिळतं, नवऱ्याच्या ग्रीनकार्डचं प्रकरण ठराविक टप्प्यापर्यंत गेलं असेल तर, पण तुझं अजून आलेलं नाही, तेव्हा मानधनाचा चेक घ्यायच्या आधी वकिलाला विचार, छोटी रक्कम आहे म्हणून सोडून देऊ नकोस. मात्र पैसे नाहीत म्हणजे काम नाही असं अजिबात मानू नकोस. मी माझी अशी वर्षं सगळ्यांना "सध्या घरीच असते" असं सांगण्यात घालवली, रोज पहाटे दोन तास लिहीत असूनसुद्धा. तू लिहिते म्हणून सांग, पार्टीत, सासरी, सगळीकडे.

आणि मराठी शिळी होते हे लक्षात ठेव. आपण निघालो त्या वर्षाची भाषा आपल्या तोंडात राहते, तिकडची पुढे गेलेली असते. भाचीशी, वॉचमनशी, रिक्षावाल्याशी, गेलीस की बोल आणि ऐक. आठवणींचं लिखाण कर पण फक्त पुरणपोळी आणि पावसाचा वास नको, आपल्या वारशात कोणाला दाराबाहेर उभं केलं जातं तेही आहे, जातीचं आहे, इथल्या मंडळात कोण येतच नाही ते आहे. लिहिताना भीती वाटेल, लोक ओळखीचे असतात, नावगाव बदल पण गोष्ट सोडू नकोस.

तुझ्या कथेत सासूबाई डिशवॉशरमधून देवाची भांडी बाहेर काढून परत हाताने घासतात, आणि सून झोपल्याचं सोंग घेऊन पाण्याचा आवाज ऐकत पडलेली असते, ती जागा मला फार आवडली. पण त्याच्याच आधी सोवळं म्हणजे काय यावर अख्खं पान आहे आणि मराठी शब्दांचे अर्थ कंसात आहेत. ते पान काढ, कंस काढ, आणि पाण्याच्या आवाजापासून सुरू करून परत पाठव. शनिवारी दुपारी मी घरीच असते, फोनवर वाचून दाखवलंस तरी चालेल.

तुझी मावशी