सहा जण, हॉल नाही, पैसे नाहीत: नाटक कसं उभं करायचं?

तुम्ही विचारलंय की सांगलीपासून तासभर लांब असलेल्या तालुक्याच्या गावात सहा जणांचा हौशी ग्रुप आहे, पहिलं नाटक करायचंय, तर अनुदान कुठून मिळेल. पंचवीसेक वर्षं हेच उद्योग केलेत म्हणून सांगतो, अनुदानाचं नंतर बघा, आधी तालमीची जागा बघा. नाटकं पैशापेक्षा जागेवाचून जास्त बुडतात.

आम्ही शाळेचा वर्ग मिळवला होता. रात्री आठला बाकं भिंतीला लावायची, दहाला परत जागच्या जागी. एकदा फळ्यावर पात्रांच्या जागांचा नकाशा तसाच राहिला आणि मुख्याध्यापकांनी आठवडाभर किल्ली दिली नाही. चूक आमचीच होती. वाचनालयाचा हॉल, मंगल कार्यालयाची गच्ची, लग्नसराई नसेल तर कार्यालयच, काहीही चालतं. फक्त जागा रोज तीच हवी.

दुसरी अडचण तुम्ही लिहिलेली नाही, पण येणारच. स्त्री पात्रं. मुलींच्या घरी जाऊन आईवडिलांशी स्वतः बोला, तालीम किती वाजता सुटते ते सांगा आणि ती वेळ पाळा. रोज घरी सोडायला कोण जाणार हेही आधीच ठरवा. पहिल्या वर्षी आमची नायिका रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी नाटक सोडून गेली, कारण तालीम सुटायला दोनदा रात्रीचे अकरा वाजले होते.

आता सरकारी मदत. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे आणि हौशी माणसाला इतका मोठा आधार दुसरा नाही. प्राथमिक फेरी राज्यभरच्या वेगवेगळ्या केंद्रांवर होते, म्हणजे मुंबई गाठावी लागत नाही. नाट्यगृह मिळतं, परीक्षक मिळतात, प्रयोग झाल्यावर निर्मिती खर्चापोटी रक्कमही मिळते. ‘झाल्यावर’ हा शब्द नीट वाचा. आधीचा खर्च खिशातूनच करायचा. लेखकाची लेखी परवानगी आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (म्हणजे संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं) प्रमाणपत्र यांच्या मागे संहिता ठरल्या दिवसापासून लागा. नाटक तयार आणि कागद अडकलेला, अशी दोन मंडळं मी रडताना पाहिली आहेत.

पण माझं ऐकाल तर पहिल्याच वर्षी दोन अंकी नाटकाच्या वाटेला जाऊ नका. एकांकिका करा. सगळं नेपथ्य एका छोट्या टेम्पोत मावलं पाहिजे, ही माझी कसोटी. जवळच्या दोन-तीन खुल्या स्पर्धा गाठा. पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा महाविद्यालयांसाठी आहे. चतुरंग संस्थेच्या ‘सवाई’ एकांकिका स्पर्धेत दुसरीकडे पहिल्या आलेल्या एकांकिका जातात, त्यामुळे ती स्वप्नं सध्या बाजूला ठेवा.

खिशातला खर्च गावातूनच उभा राहतो. पतसंस्था, कापड दुकान, कृषी सेवा केंद्र यांच्याकडे देणगी मागू नका, तिकिटं विका. देणगी देणारा प्रयोगाला येत नाही, वीस तिकिटं घेतलेला दुकानदार निदान नोकरांना तरी पाठवतो. आणि गणेशोत्सवात मंडळाच्या स्टेजवर पंधरा मिनिटांचा प्रवेश करून बघा. समोर पोरं पळत असतात, मागे जनरेटर धडधडत असतो. तिथे आवाज पोचला तर नाट्यगृहात पोचतोच.

५ नोव्हेंबरला सांगलीत या. १८४३ साली याच दिवशी विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं, म्हणून हा रंगभूमी दिन. रंगकर्मींना दिल्या जाणाऱ्या भावे पदकाचा कार्यक्रम बघालच, पण खरं काम बाहेर असतं. प्रकाशयोजनेवाले, रंगभूषावाले, जुने नेपथ्यकार सगळे चहाला भेटतात, आणि ओळख झाली की भाडं कमी होतं.

संहिता ठरली की इथे कळवा. आमच्याकडे दोन स्पॉटलाइट आणि काळे पडदे पडून आहेत, घेऊन जा. एक पडदा उंदरांनी कोपऱ्यात कुरतडलाय, तो विंगेत मागच्या बाजूला लावा.