आवडत्या लेखकाचे बालपण वाचताना

नौपाडा, ठाणे

प्रिय मुलीस,
अनेक आशीर्वाद.

इंग्रजी बालकथाकार रोआल्ड डाल शाळेपासूनच तुझा आवडता लेखक आहे, हे मी जाणतो. नोकरीच्या निमित्ताने रोज करावा लागणाऱ्या ठाणे-वाशी प्रवासात तू त्याची ‘बॉय’ आणि ‘गोइंग सोलो’ ही आठवणींची पुस्तके वाचायला घेतली आहेस आणि कोणती गोष्ट त्याला कोठून सुचली असेल याच्या नोंदी समासात करत चालली आहेस, असे तुझ्या पत्रावरून समजले. (प्रत तुझी स्वतःची असावी, अशी आशा आहे. ग्रंथालयाच्या पुस्तकांवर पेन्सिल चालवणाऱ्यांविषयी माझे मत तुला ठाऊक आहेच.) नोंदी जरूर कर, पण त्या शोधातच सारे वाचन खर्ची घालू नकोस. रेप्टन या इंग्लंडमधल्या निवासी शाळेत कॅडबरी कंपनी मुलांना नव्या चॉकलेटांचे नमुने चाखून मत देण्यासाठी पाठवीत असे आणि ती आठवण पुढे चॉकलेटच्या कारखान्याच्या कथेला कामी आली, हे त्याने स्वतःच सांगून टाकले आहे. लेखकाने आपण होऊन उघडलेले दार आपण शोधून काढले असे मानण्यात वाचकाची हुशारी नाही.

त्यापेक्षा त्याने कशाला किती जागा दिली आहे, तिकडे लक्ष दे. डाल अवघा तीन वर्षांचा असताना, १९२० साली, त्याची सात वर्षांची बहीण आन्त्रपुच्छाच्या (अपेंडिक्सच्या) दुखण्याने गेली आणि पाठोपाठ काही आठवड्यांतच वडीलही गेले. हे सारे तो थोडक्या मजकुरात सांगून पुढे निघतो. मिठाईच्या दुकानातल्या बरणीत मेलेला उंदीर टाकण्याचा कट आणि त्यापायी हेडमास्तरांच्या हातून खाल्लेल्या छड्या यांना मात्र सलग काही प्रकरणे मिळतात. ‘हे आत्मचरित्र नव्हे, मनावर ठसलेल्या तेवढ्याच गोष्टी मी सांगतो आहे आणि त्या सर्व खऱ्या आहेत’, अशा आशयाचे तो आरंभीच बजावतो. तीन वर्षांच्या मुलाला मृत्यू आठवत नाही आणि छडी मात्र जन्मभर आठवते, हे तर खरेच. परंतु पुढे वसतिगृहात घरच्या ओढीने व्याकूळ झालेला हाच मुलगा घरी जायला मिळावे म्हणून आन्त्रपुच्छाचेच सोंग आणतो, तेव्हा एक मुलगी त्याच दुखण्याने गमावलेल्या त्या आईच्या मनात काय आले असेल, हा विचार थांबून करावा. प्रसंग विनोदी आहे, आणि मला तो त्या पुस्तकातला सर्वांत गंभीर प्रसंग वाटतो.

आता पत्रांविषयी. त्याने आईला लिहिलेली सहाशेंहून अधिक पत्रे आईने जपून ठेवली होती. ‘बॉय’मध्ये छापलेले त्यांतले नमुने घाईने उलटू नकोस, कारण त्या वयातला मुलगा तेथे स्वतः बोलतो आहे. तेथेच वाचकाची एक फसगतही होते. पत्रांतला मुलगा बऱ्यापैकी आनंदी दिसतो आणि १९८४ सालचा अडुसष्ट वर्षांचा लेखक त्याच शाळेतल्या भीतीचे वर्णन करतो. मग म्हाताऱ्याने रंग चढवला, असे म्हणून मोकळे व्हावे का? रविवारी मुले पत्रे लिहीत असताना हेडमास्तर वर्गात फिरत आणि खांद्यावरून वाकून मजकूर वाचत, त्यामुळे तक्रार लिहिणे शक्यच नव्हते, असे तोच सांगतो. म्हणजे ज्या कागदाला आपण समकालीन पुरावा म्हणतो तोही धाकाखाली लिहिलेला आहे आणि साठ वर्षांनंतरच्या आठवणीलाही लेखकाच्या सवयीचे वळण लागलेले आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाच आणि निकाल देण्याची घाई करू नकोस.

काही ठिकाणी मात्र निकाल लागलेला आहे. रेप्टनमध्ये एका मित्राला अमानुषपणे मारणारे हेडमास्तर म्हणून तो जेफ्री फिशर यांच्याकडे बोट दाखवतो, ज्यांनी पुढे कँटरबरीचे आर्चबिशप म्हणून एलिझाबेथ राणीच्या मस्तकी मुकुट ठेवला. चरित्रकारांनी तारखा ताडून पाहिल्या तेव्हा दिसले की फिशर १९३२ सालीच शाळा सोडून गेले होते आणि ती मारहाण त्यानंतरची आहे. लहानसहान तपशिलाची ही चूक नव्हे, तिच्यामुळे एका माणसाच्या नावाला डाग लागला आहे. मार खरा होता, म्हणून मारणाऱ्याचे नाव चुकले तरी चालेल, असे मी म्हणणार नाही.

‘गोइंग सोलो’तील विमान कोसळण्याचा प्रसंगही असाच तपासून वाच. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश हवाई दलात वैमानिक असताना १९ सप्टेंबर १९४० रोजी इजिप्तच्या पश्चिमेकडील वाळवंटात त्याचे विमान आदळले. १९४२ साली अमेरिकेतील एका नियतकालिकात आलेल्या लेखात ते शत्रूच्या माऱ्याने पडल्याचे चित्र आहे. १९८६ सालच्या पुस्तकात मात्र चुकीचे ठिकाण सांगितले गेल्यामुळे धावपट्टी सापडली नाही, अंधार पडू लागला, इंधन संपत आले आणि उतरण्याच्या प्रयत्नात अपघात झाला, असा वृत्तान्त आहे. पहिला मजकूर युद्धाच्या धामधुमीत, दोस्तांच्या बाजूने लोकमत वळवण्यासाठी छापला गेला होता. कोणता मजकूर कोणत्या वेळी आणि कोणासाठी लिहिला, हे विचारायची सवय तुला येथे लागेल. याच पुस्तकातल्या पूर्व आफ्रिकेच्या भागात नोकरचाकर, साप आणि सिंह मनमुराद आहेत, पण ज्यांचा तो देश होता ती माणसे बहुधा कडेलाच उभी आहेत. साहेबाच्या राज्यात ज्यांचे पणजोबा राहिले त्या आपल्यासारख्यांना हे चटकन जाणवावे, आणि जाणवले म्हणून पुस्तक मिटण्याचेही कारण नाही.

मध्येच विसावा म्हणून लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ काढ. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाचा बालपणाचा भाग तरी वाचच. वडिलांच्या सोवळ्यापायी घरच्यांचे जे हाल झाले ते त्या हसत हसत सांगतात, आणि त्या हसण्याखाली काय दडले आहे याचा त्या उच्चारही करत नाहीत. डालही हसवतो, पण तो समोरच्याला चकित करण्यासाठी रचतो. लक्ष्मीबाई ओसरीवर बसून बोलाव्यात तशा बोलतात. मला विचारशील तर माझे माप लक्ष्मीबाईंच्या बाजूने झुकते, मात्र तू माझ्या मताने वाचू नयेस.

डालचे चरित्र माझ्या कपाटात आहे. दोन्ही पुस्तके संपल्यावर ये आणि घेऊन जा. त्याआधी मागितलेस तरी देणार नाही, कारण चरित्रकाराने लावलेला घटनांचा क्रम एकदा डोक्यात बसला की डालने स्वतः काय आधी सांगितले आणि काय मागे ठेवले, ते तुला दिसेनासे होईल.

तुझा शुभचिंतक