शेताचे फोटो दप्तरात चढवताना

भाऊ, तू पीक नुकसानीच्या पंचनाम्याचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून दप्तराच्या सिस्टीममध्ये चढवतोयस, ते आधी थांबव. तिथून साधा फोटो म्हणून आला की त्यातली तारीख आणि जीपीएस, म्हणजे एक्झिफ माहिती, गळून जाते. पाठवणाऱ्याला ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांग, किंवा सरळ केबलने मोबाईलमधून उतरवून घे. मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेव, तिला हात लावू नको.

माहिती काढायला एक्झिफटूल हा प्रोग्रॅम वापर. फुकट आहे, आणि पूर्ण फोल्डरची एकच सीएसव्ही, म्हणजे रकान्यांची साधी फाइल, काढून देतं. सिस्टीममध्ये गाव, गट नंबर, पीक हे रकाने तुलाच भरावे लागतील. फोटोला ते माहीत नसतं.

तारखेकडे नीट लक्ष दे. एक्झिफमध्ये ती 2024:08:12 अशी कोलन (:) घालून येते, बऱ्याच सिस्टीम ती नाकारतात. आणि ‘फोटो काढल्याची तारीख’ घे, ‘फाइल बदलल्याची’ नको. कॉपी करताना दुसरी बदलू शकते, मग अतिवृष्टीचा फोटो दिवाळीतला दिसतो आणि शेतकऱ्याचा दावा अडकतो. जीपीएसची वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे.

अक्षांश-रेखांश दशांशात काढ. यवतमाळकडचं शेत असेल तर अक्षांश 20 च्या आणि रेखांश 78 च्या आसपास हवा. उलटे दिसले तर रकाने अदलाबदल झालेत. रिकामे असतील तर अंदाजाने भरू नको, ‘स्थान नाही’ असंच लिही.

पहिल्यांदा दहा-वीस फोटोंवरच करून बघ.