निम्मा वाटा, पण कशाबद्दल?

‘ताई, आठ महिने एकटीनं खपून दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर बनवलं. अकरा ग्राहक पैसे देतात. कॉलेजचा मित्र भागीदार व्हायला तयार आहे. निम्मा वाटा मागतो, नोकरी मात्र गुंतवणूक आल्यावर सोडणार. गुंतवणूकदार म्हणतात, एकटीवर पैसे लावायला बिचकतो. रात्री दोनला सर्व्हर बंद पडला की फार एकटं वाटतं. काय करू? – एकटी’

एकटी,

रात्री दोनचा सर्व्हर ही खरीच अडचण आहे. पण त्यासाठी निम्मी कंपनी देणं म्हणजे सोबतीला कुणी हवं म्हणून अर्धं घर नावावर करून देणं. ते काम पगारी माणूसही करेल.

गुंतवणूकदारांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. २००७ मध्ये ड्रू ह्यूस्टनलाही वाय कॉम्बिनेटरनं (नव्या कंपन्यांना सुरुवातीचे पैसे देणारी अमेरिकन संस्था) सहसंस्थापक शोधायला सांगितलं होतं. त्याला अराश फिरदौसी मिळाला, फाइली ऑनलाइन साठवणारं ड्रॉपबॉक्स उभं राहिलं. पण फिरदौसीनं त्यासाठी एमआयटीतलं शिक्षण अर्धवट सोडलं. तुझा मित्र गुंतवणूक येईपर्यंत नोकरी सोडायला तयार नाही. जोखीम तुझी आणि निम्मा वाटा त्याचा, हा हिशेब मला पटत नाही. (मित्र चांगला असेलही. प्रश्न तो नाही.)

तो नेमकं करणार काय, हे तू पत्रात कुठंच लिहिलेलं नाहीस. दवाखान्यांचे उंबरे झिजवणार, की तोही कोडच लिहिणार?

आणि निम्मे-निम्मे ठरलं, तर भांडणात कौल कुणाचा? १९७६ मध्ये ॲपल सुरू झाली तेव्हा जॉब्ज आणि वॉझ्निॲकचे ४५-४५ टक्के होते. उरलेले १० रोनाल्ड वेनकडे, दोघांचं जुळलं नाही तर निवाडा करायला. बारा दिवसांत तोच बाहेर पडला, ही वेगळी गंमत.

आधी तीन महिने बरोबर काम करून बघा. संध्याकाळचे दोन तास का होईना, पण काम ठरलेलं: पाच नवे ग्राहक त्यानं आणायचे. जमलं तर भागीदारी, तीही व्हेस्टिंग लावून, म्हणजे वाटा एकदम नाही, टिकेल तसा हळूहळू. वर्षाच्या आत गेला तर हाती काही नाही; वर्ष भरलं की ठरलेल्या वाट्याचा पाव हिस्सा, उरलेला पुढच्या तीन वर्षांत दरमहा थोडा थोडा. हीच अट स्वतःलाही लाव, म्हणजे त्याला टोचणार नाही. आणि मैत्री गोड आहे तोवरच लिहून घ्या.

हे फोनवर नको, समोर बसून सांग. ‘एवढा विश्वास नाही का?’ म्हणाला, तर मला परत लिही.

– ताई