न जन्मलेल्या बाळाला विचारून ब्रँच निवडू नकोस

प्रिय पोरी,

तुझा मेसेज तीनदा वाचला. एमबीबीएसनंतरच्या पीजी प्रवेशपरीक्षेत रँक अशी की सर्जरी हव्या त्या कॉलेजात मिळेल, आणि तू पसंतीच्या यादीत त्वचारोग पहिल्या क्रमांकावर टाकणार. कारण काय, तर ‘पुढे मुलंबाळं झाली की बरं पडेल’. लग्न अजून ठरलेलं नाही. ज्या बाळाच्या बापाचाही पत्ता नाही, त्याला विचारून तू ब्रँच निवडते आहेस. त्वचारोग मनापासून आवडत असेल तर खुशाल घे, मी अक्षर बोलणार नाही. पण इंटर्नशिपमध्ये जखम शिवायला बसलीस की तुला जेवणाची शुद्ध नसायची, म्हणून हे पत्र.

मी 26व्या वर्षी आई झाले आणि 37व्या वर्षीही.

पहिल्या वेळी एमएसचं, म्हणजे सर्जरीच्या पीजीचं, दुसरं वर्ष होतं. पाचवा महिना लागेपर्यंत युनिटमध्ये कुणाला सांगितलं नाही. पोट एप्रनखाली झाकून इमर्जन्सीच्या रात्री काढल्या, ऑपरेशन थिएटरात, म्हणजे ओटीत, सी-आर्म हे एक्स-रे यंत्र सुरू झालं की काहीतरी निमित्त काढून बाहेर सटकायचे. शुद्ध मूर्खपणा. तू लवकर सांग, युनिट हेडला स्वतः सांग. शरीर मात्र तेव्हा घोड्यासारखं होतं. नव्हता तो पैसा आणि जागा. दोघांचा स्टायपेंड, वसतिगृहाची एक खोली. तिसऱ्या महिन्यात आई बाळाला कराडला घेऊन गेली. ज्या रविवारी ड्युटी नसेल त्या रविवारी मी एसटीने जायचे. मुलगी माझ्या आईला ‘आई’ म्हणायची आणि मला नावाने हाक मारायची. ते अजून बोचतं. ती मुलगी आज 26 वर्षांची आहे, तिला त्यातलं काही म्हणता काही आठवत नाही. बोचणी सगळी माझ्याच वाट्याला आली.

दुसऱ्या वेळी स्वतःचं छोटं हॉस्पिटल होतं, घरी बाई होती, नको ती केस पुढे ढकलता येत होती. आता शरीर कुरकुरत होतं. 35व्या वर्षी एक गर्भपात झाला होता, तिसऱ्या दिवशी मी हर्नियाचं ऑपरेशन केलं, कारण मालकाला रजा कोण देणार? 37व्या वर्षी ग्लुकोजच्या चाचणीत साखर वाढलेली निघाली, मग इन्सुलिन, मग बीपी. आणि सहा महिने मी दिसले नाही तर पेशंट पाठवणारे निम्मे डॉक्टर दुसऱ्या सर्जनकडे वळले. ते परत यायला दोन वर्षं लागली.

वयाचे आकडे तुला पाठ आहेत, तरी स्वतःच्या बाबतीत आपण ते विसरतो. बाळाला डाउन सिंड्रोम हा गुणसूत्रांचा दोष असण्याची शक्यता आईच्या 35व्या वर्षी साधारण 350 त 1, 40व्या वर्षी 100 त 1. बीजांडं गोठवण्याचं म्हणशील तर ती कोणत्या वयात काढली याला महत्त्व आहे. 38व्या वर्षी काढलेली बीजांडं 38 चीच राहतात. आयव्हीएफसारख्या उपचारांच्या 2021 च्या कायद्यात स्त्रीसाठी 50 ची मर्यादा आहे म्हणून कुणी निर्धास्त होतं, तेव्हा मला हसू येतं. शरीर कुठे कायदा वाचतं?

आता तुझ्या कामाचं. रेसिडेन्सीत, म्हणजे एमएसच्या तीन वर्षांत, प्रसूती रजा मिळते, 2023 च्या पीजी नियमांत ती लिहिलेली आहे. पण ठरलेल्या रजेपेक्षा जास्त दिवस घेतलेस तर तेवढ्या दिवसांनी कोर्स लांबतो आणि परीक्षा ज्युनिअर बॅचबरोबर द्यावी लागू शकते. मी दिली. चार दिवस लाज वाटते, पुढे कुणी विचारतही नाही. तेवढा थिसिस आधी हातावेगळा कर, कडेवर मूल घेऊन मास्टरचार्ट, म्हणजे थिसिसमधल्या पेशंटांच्या माहितीचा तक्ता, भरणं मी करून पाहिलंय. एमएसनंतर खाजगी रुग्णालयात गेलीस तर 2017 पासून 26 आठवड्यांची पगारी रजा आहे, आधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम झालेलं हवं. इथे एक मेख आहे. ‘कन्सल्टंट’ म्हणून प्रोफेशनल फीवर नेमतात, आणि रजा मागितली की सांगतात, मॅडम, तुम्ही आमच्या कर्मचारी नाहीच. माझ्या दोन विद्यार्थिनी अशा अडकल्या. सही करण्याआधी नेमणूकपत्रात काय म्हटलंय ते वाच.

राहिला प्रश्न कुठल्या वयात. मला विचारशील तर एमएस संपता संपता, तिशीच्या अलीकडे. पण वयापेक्षा मी एक गोष्ट आधी बघेन. इमर्जन्सीच्या दिवशी रात्री आठ वाजता तुझ्या हातात फुटलेलं अपेंडिक्स आहे आणि घरी बाळाला ताप आहे, तेव्हा त्याला मांडीवर कोण घेणार? एका माणसाचं नाव सांगता आलं पाहिजे. ‘बघू, होईल काहीतरी’ हे नाव नव्हे. मला ते नाव आईचं मिळालं. नवऱ्याचं मिळायला अकरा वर्षं लागली, दुसऱ्याच्या वेळी. लग्नाआधी मुलाला हेच विचार, पत्रिका नंतर बघू.

आणि त्वचारोगवाल्यांना संध्याकाळची ओपीडी असते बरं का. माझी मैत्रीण रात्री नऊला घरी पोचते.

यादी लॉक करण्याआधी फोन कर. रात्री दहानंतर, दिवसा मी ओटीत असते.

तुझी,
मॅडम